लग्नासाठी कॉन्टॅक्ट लेन्स घ्यायच्या आहेत. आधी नेत्रतज्ज्ञांकडे जाणे खरोखर आवश्यक आहे का?

सातारकर_कन्या

नमस्कार. माझे वय २७ असून मी साताऱ्यात एका बँकेत नोकरी करते. इयत्ता आठवीपासून मला चष्मा आहे. सध्याचा नंबर उजव्या डोळ्याला −६.५० आणि डाव्या डोळ्याला −५.७५ आहे, शिवाय डाव्या डोळ्याला −१.२५ चा सिलिंड्रिकल नंबर आहे. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर माझे लग्न ठरले असून त्याला अजून अडीच महिने आहेत. त्या दिवशी चष्म्याविना वावरावे अशी माझी मनापासून इच्छा आहे, परंतु चष्मा काढला की समोरच्या माणसाचा चेहराही मला ओळखू येत नाही, म्हणून लेन्सचा विचार करते आहे.

नेहमीच्या चष्म्याच्या दुकानात चौकशी केली, तेव्हा ‘तुमचा नंबर आमच्याकडे आहेच, त्यावरून लेन्स मागवून देतो, वेगळ्या तपासणीची गरज नाही’ असे उत्तर मिळाले. हा नंबर दोन वर्षांपूर्वी त्याच दुकानात यंत्रावर काढलेला आहे. दुसरीकडे, नववधूचा मेकअप करणाऱ्या ताईंनी त्यांच्याकडच्या करड्या रंगाच्या, बिननंबराच्या लेन्स त्या दिवशी डोळ्यांत घालून देण्याची तयारी दाखवली आहे. आईचे म्हणणे असे, की डॉक्टरांना दाखवल्याशिवाय डोळ्यांत काहीही घालायचे नाही. वडिलांना वाटते, की डोळ्यांना कोणताही त्रास नसताना डॉक्टरांकडे जाऊन ते वेगळे काय पाहणार? मलाही नेमके हेच समजून घ्यायचे आहे. नंबर ठाऊक असताना डॉक्टर आणखी काय तपासतात आणि ते न तपासल्याने प्रत्यक्षात काय बिघडू शकते?

दृष्टिमापक_पुणे

नमस्कार ताई. मी ऑप्टोमेट्रिस्ट असून लेन्स बसवून देणे हे माझे रोजचे काम आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या चष्म्याचा नंबर आणि आपल्या लेन्सचा नंबर एक असणार नाही. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असते, तर लेन्स थेट बुबुळावर बसते. नंबर लहान असेल तर या अंतराने फारसा फरक पडत नाही, मात्र साधारण ४ च्या पुढे तो हिशेबात धरावाच लागतो. आपल्या उजव्या डोळ्याचे −६.५० लेन्समध्ये सुमारे −६.०० होतात. दुकानदाराने चष्म्याचा आकडा तसाच मागवला, तर गरजेपेक्षा अर्ध्या नंबराने जड लेन्स डोळ्यात जाईल आणि डोळ्याच्या आतील स्नायूंना सतत ताण देऊन तो फरक भरून काढावा लागेल. लग्नाच्या दिवशी दुपारपर्यंत कपाळ दुखू लागले तर त्याचे कारण कोणाच्या लक्षातही येणार नाही. डाव्या डोळ्याला सिलिंड्रिकल नंबर असल्यामुळे टोरिक प्रकारची लेन्स लागेल. ही लेन्स डोळ्यात ठरावीक स्थितीतच स्थिर राहावी लागते, ती गोल फिरली की दिसणे धूसर होते. ती आपल्या डोळ्यात किती फिरते हे ट्रायल लेन्स घालून, पंधरा-वीस मिनिटे थांबून, लेन्सवरच्या बारीक खुणा स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, पाहिल्याशिवाय कळत नाही. कोणत्याही चिठ्ठीवर ते लिहिलेले नसते.

नंबराखेरीज लेन्सला वक्रता आणि व्यास असतो. बाजारातल्या बहुतेक मऊ लेन्सची वक्रता ८.४ ते ८.८ मिलिमीटर आणि व्यास १४ मिलिमीटरच्या आसपास असतो. आपल्या बुबुळाची वक्रता केराटोमीटरवर मोजून, त्याला साजेशी लेन्स निवडून, पापणी मिटताना ती किंचित हलते की नाही हे पाहावे लागते. घट्ट बसलेली लेन्स सुरुवातीला फार सुखाची वाटते, कारण ती हलत नाही आणि टोचत नाही. पण तिच्याखालून अश्रू खेळते राहत नाहीत. बुबुळाच्या पारदर्शक भागात रक्तवाहिन्या नसतात, त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थरामधून मिळतो. घट्ट आणि कमी प्राणवायू जाऊ देणारी लेन्स दीर्घकाळ वापरली, तर बुबुळाला सूज येते आणि पुढे कडेने नव्या रक्तवाहिन्या आत शिरू लागतात.

आता वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर. नंबर काढणारे यंत्र प्रकाश डोळ्यात किती वळतो एवढेच सांगते. अश्रू पुरेसे आहेत का, पापण्यांच्या कडांना सूज आहे का, वरच्या पापणीच्या आत ॲलर्जीचे दाणे आहेत का, बुबुळाचा आकार नियमित आहे का, यांपैकी काहीही ते यंत्र पाहत नाही. नेत्रतज्ज्ञ वरची पापणी उलटून पाहतात, फ्लुरोसीनचा पिवळा रंग घालून निळ्या प्रकाशात अश्रूंचा थर किती सेकंदांत तुटतो ते मोजतात. १० सेकंदांच्या आत तुटणारा थर कोरडेपणा सुचवतो. आपला नंबर ६ च्या घरात असल्यामुळे बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून पडदाही तपासून घ्यावा असे मी आवर्जून सांगेन, कारण मोठ्या उणे नंबराच्या डोळ्यांत पडदा कडेला पातळ होण्याची शक्यता अधिक असते. त्याचा लेन्सशी थेट संबंध नाही, पण ही तपासणी आपली कधी झाली आहे असे आपल्या लिहिण्यावरून दिसत नाही. त्या थेंबांनंतर काही तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही, म्हणून त्या दिवशी दुचाकी नेऊ नये.

मेकअप करणाऱ्या ताईंच्या लेन्सबद्दल माझे मत स्पष्ट आहे: एकीच्या डोळ्यातली लेन्स दुसरीच्या डोळ्यात कधीही घालू नये, ती कितीही धुतली असली तरी. त्यातून त्या बिननंबराच्या असल्याने आपल्याला त्या घालून काहीच दिसणार नाही. लेन्सवर चष्मा घालायचा असेल तर मूळ हेतूच उरत नाही.

सोलापूरचा_वाचक

वरील उत्तरात बुबुळाच्या आकाराचा उल्लेख आहे, त्याला माझ्या अनुभवाची जोड देतो. महाविद्यालयात असताना माझा सिलिंड्रिकल नंबर दर वर्षी वाढत होता आणि प्रत्येक वेळी नवीन चष्मा मिळत होता. कबड्डीमुळे मला लेन्स हव्या होत्या, म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी लेन्स देण्याआधी कॉर्नियल टोपोग्राफी, म्हणजे बुबुळाच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी, करून घेतली आणि केराटोकोनस असल्याचे निदान केले. या विकारात बुबुळ हळूहळू पातळ होत पुढे शंकूसारखे निमुळते होत जाते. तो बहुधा किशोरवयात किंवा विशीत सुरू होतो आणि डोळे सतत चोळण्याच्या सवयीशी त्याचा निकटचा संबंध आहे. मला लहानपणापासून डोळ्यांना खाज येण्याचा त्रास होताच.

निदान वेळेत झाल्यामुळे क्रॉसलिंकिंगची प्रक्रिया करून विकाराची वाढ थांबवता आली. यात रायबोफ्लेविनचे थेंब घालून बुबुळावर अतिनील किरण सोडतात. आज मी कडक, म्हणजे आरजीपी लेन्स वापरतो आणि त्यांनी मला चष्म्यापेक्षा चांगले दिसते. त्या वेळी चष्म्याच्या नंबरावरून मऊ लेन्स घेतल्या असत्या, तर थोडेफार दिसले असते आणि बुबुळ मात्र आतून पातळ होत राहिले असते. ताई, आपला सिलिंड्रिकल नंबर गेल्या काही वर्षांत बदलला आहे का आणि आपल्याला डोळे चोळण्याची सवय आहे का, हे डॉक्टरांना न विसरता सांगावे.

एडिसनहून

मी अमेरिकेत न्यू जर्सीत राहते. इथे २००५ पासून कायद्याने सर्वच कॉन्टॅक्ट लेन्स वैद्यकीय उपकरण मानल्या जातात. निव्वळ रंगासाठी घातलेली बिननंबराची लेन्सही त्यात आली. प्रिस्क्रिप्शनवाचून ती विकता येत नाही. चष्म्याचे प्रिस्क्रिप्शन त्यासाठी चालत नाही, लेन्सचे स्वतंत्र लागते आणि त्यावर वक्रता, व्यास व लेन्सचे नाव असते. भारतात आले की दुकानात सहज मिळणाऱ्या रंगीत लेन्स पाहून मला दर वेळी काळजी वाटते. आपल्या आईंचे ऐकावे, एवढेच सांगते.

सातारकर_कन्या

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. वडिलांना उत्तरे वाचून दाखवली आणि येत्या आठवड्यात नेत्रतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. विचारलेल्या गोष्टींविषयी सांगायचे, तर सिलिंड्रिकल नंबर पूर्वी −०.७५ होता, तो मागच्या वेळी −१.२५ झाला. धूळ उडाली की माझे डोळे खाजतात आणि मी ते चोळते. शिंकाही येतात, त्यासाठी अधूनमधून ॲलर्जीची गोळी घेते. आणखी एक गोष्ट सांगावी की नाही असा प्रश्न पडला होता: लग्नाआधी चेहऱ्यावरील मुरमे जावीत म्हणून त्वचारोगतज्ज्ञांनी गेल्या महिन्यापासून आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल सुरू केल्या आहेत. हे डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगण्याची गरज आहे का?

नेत्रतज्ज्ञ_कोल्हापूर

गरज आहे, आणि आपण ते इथे लिहिले हे फार चांगले केले. आयसोट्रेटिनॉइन मुरमांवर गुणकारी आहे. ते त्वचेतील तैलग्रंथींचे काम कमी करते. पण पापण्यांच्या कडांनाही तेल स्रवणाऱ्या ग्रंथी असतात आणि अश्रू लगेच वाळू न देणारा तेलकट थर त्यांच्यापासूनच येतो. त्यामुळे हे औषध चालू असताना डोळे कोरडे पडतात आणि लेन्स सहन होत नाहीत, हा त्याचा सर्वज्ञात दुष्परिणाम आहे. ॲलर्जीच्या काही गोळ्याही अश्रू कमी करतात. म्हणजे आपल्या बाबतीत कोरडेपणाची दोन कारणे आणि ॲलर्जी एकत्र आली आहेत. औषध स्वतःहून बंद करू नये. मात्र त्वचारोगतज्ज्ञांना लग्नाची तारीख आणि लेन्सचा विचार, दोन्ही सांगावे. विषय निघालाच आहे म्हणून एक डॉक्टर या नात्याने हेही सांगतो, की हे औषध चालू असताना आणि बंद केल्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा होऊ देणे गर्भासाठी अत्यंत धोक्याचे असते. त्वचारोगतज्ज्ञांनी आपल्याला हे सांगितले असेलच, तरी विवाह जवळ आला असल्याने औषधाचे वेळापत्रक त्यांच्याशी पुन्हा नीट बोलून घ्यावे.

सिलिंड्रिकल नंबर अर्ध्या नंबराने वाढणे आणि डोळे चोळण्याची सवय असणे, या दोन गोष्टी एकत्र असल्या तर मी स्वतः टोपोग्राफी केल्याखेरीज लेन्सचा विचार करत नाही. बहुतेकांच्या बाबतीत ती सामान्यच निघते, म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. वरच्या पापणीच्या आत ॲलर्जीचे दाणे असतील, तर आधी काही आठवडे थेंबांनी ॲलर्जी आटोक्यात आणावी लागते. आपल्या हाती अडीच महिने आहेत, तेवढे पुरेसे आहेत. लग्नाच्या आदल्या आठवड्यात येणाऱ्या मुलींसाठी आम्हाला यातले काहीच करता येत नाही.

जंतुसंसर्गाविषयी कोणी लिहिले नाही, ते मी लिहितो, कारण आमच्याकडे शेवटी तेच रुग्ण येतात. लेन्समुळे बुबुळावर होणाऱ्या जखमेत स्यूडोमोनास नावाचा जंतू वारंवार सापडतो आणि तो एक-दोन दिवसांत बुबुळाचा मोठा भाग खराब करू शकतो. जखम भरल्यावर तिथे पांढरा व्रण राहतो, ज्याला आपण डोळ्यात फूल पडणे म्हणतो. ते बाहुलीसमोर असेल तर दृष्टी कायमची जाते आणि नेत्ररोपणापर्यंत वेळ येते. न्यू इंग्लंडमध्ये झालेल्या आणि १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, दिवसा लेन्स वापरून रात्री काढणाऱ्यांमध्ये वर्षाला दर १०,००० जणांमागे सुमारे ४ आणि रात्रंदिवस सलग वापरल्या जाणाऱ्या लेन्सच्या बाबतीत सुमारे २१ जणांना अशी जखम झाल्याचे आढळले. धोका फार मोठा नाही, पण लेन्स घालून झोपल्याने तो पाचपट झाला, हे ध्यानात घ्यावे. नववधूच्या बाबतीत मला याचीच भीती वाटते. पहाटेपासून जागी असलेली मुलगी रात्री उशिरा सासरी पोहोचते, किंवा गाडीतच तिचा डोळा लागतो, आणि लेन्स सकाळपर्यंत तशाच राहतात. म्हणून वऱ्हाडाची गाडी निघण्यापूर्वी लेन्स काढायच्या, हे आधीच ठरवून ठेवावे.

दुसरा शत्रू म्हणजे पाणी. नळाच्या, विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. त्याचा संसर्ग अत्यंत वेदनादायक असतो आणि उपचार अनेक महिने चालतात. लेन्स किंवा तिची डबी पाण्याने धुऊ नये, आणि लेन्स हाताळण्यापूर्वी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागले, तर लेन्स लगेच काढावी आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. काढलेली लेन्स फेकून न देता डबीसह सोबत न्यावी, कारण तिच्यावरून जंतूंची तपासणी करता येते. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले थेंब घालू नयेत. त्यांत स्टेरॉइड असले, तर लाली कमी होते आणि आतली जखम मात्र वाढत राहते.

चिपळूणच्या_काकू

डॉक्टरांनी सगळे सांगितलेच आहे. माझ्या धाकट्या मुलीने स्वतःच्या लग्नात रीतसर तपासणी करून लेन्स घातल्या होत्या, त्यामुळे मांडवात काय काय होते ते मला ठाऊक आहे. तेवढेच लिहिते.

हळदीच्या दिवशी लेन्स घालूच नयेत. हात, चेहरा, कपडे सगळे हळदीचे असतात, आणि पिवळी झालेली लेन्स पुन्हा स्वच्छ होत नाही. लग्नाच्या दिवशी मेकअपच्या आधी लेन्स घालाव्यात आणि रात्री मेकअप पुसण्याच्या आधी काढाव्यात; डॉक्टरांनी आम्हाला हा क्रम बजावून सांगितला होता. काजळ पापणीच्या आतल्या कडेला लावू देऊ नये आणि केसांवर स्प्रे मारताना डोळे घट्ट मिटावेत. होमाचा धूर हा खरा त्रास. गुरुजींना आधी सांगून ठेवले, तर ते वाऱ्याची दिशा पाहून वधूवरांची बसण्याची जागा ठरवतात किंवा समिधा बेताने घालतात. आमच्या गुरुजींनी तसे केले. मंगलाष्टकांच्या वेळी अक्षता नेमक्या डोळ्यांवर येतात, त्या वेळी मान खाली ठेवावी. आणि करवलीच्या पर्समध्ये चष्मा, डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब, लेन्सची रिकामी डबी आणि सोल्यूशन असायलाच हवे. लेन्स काढायची वेळ आली आणि चष्मा घरी राहिला, तर नववधूला सप्तपदी चालणेही अवघड होईल.

सातारकर_कन्या

काकू, आपले उत्तर मी जपून ठेवले आहे. नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन आले, त्याचा वृत्तांत देते. टोपोग्राफी सामान्य आहे, केराटोकोनसचे चिन्ह नाही. अश्रूंचा थर लवकर तुटतो आणि वरच्या पापणीच्या आत ॲलर्जीचे दाणे आहेत. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर कडेला एक पातळ पट्टा आढळला. त्यावर सध्या उपचाराची गरज नाही, परंतु दर वर्षी तपासायचा आणि डोळ्यासमोर अचानक ठिपके किंवा चमक दिसली तर ताबडतोब यायचे, असे सांगितले आहे. हे ऐकल्यावर वडील बराच वेळ काही बोलले नाहीत आणि नंतर त्यांनी स्वतःच्याही डोळ्यांच्या तपासणीची वेळ घेतली.

ॲलर्जीचे थेंब आणि प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू सुरू झाले आहेत. त्वचारोगतज्ज्ञांशी बोलणे झाले आणि त्यांनी कॅप्सूल थांबवून उपचार बदलला आहे. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासून, डोळे शांत असतील तर रोज नवी वापरून टाकून द्यायच्या लेन्सची ट्रायल देणार आहेत. डोळे शांत नसतील तर चष्माच घालायचा, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले आणि मला ते मान्य आहे. रंगीत लेन्सचा विचार सोडला आहे. ट्रायलच्या वेळी मी कोणत्या गोष्टींकडे लक्ष द्यावे?

दृष्टिमापक_पुणे

रोज टाकून द्यायच्या लेन्स हा आपल्यासाठी उत्तम निर्णय आहे, कारण ॲलर्जीचे कण आणि अश्रूंतील प्रथिने त्यांवर साचून राहत नाहीत. काकूंनी सांगितलेल्या डबी आणि सोल्यूशनचीही मग गरज उरत नाही. त्याऐवजी करवलीकडे नव्या लेन्सची एक जादा जोडी द्यावी. रंगीत लेन्सचा विचार सोडलात तेही बरे झाले. सिलिंड्रिकल नंबरासाठी त्यांत पर्याय फार थोडे असतात, आणि संध्याकाळी मंद उजेडात बाहुली मोठी झाली की लेन्सचा रंगीत भाग नजरेच्या आड येतो.

ट्रायलच्या दिवशी लेन्स स्वतःच्या हाताने घालणे आणि काढणे जमेपर्यंत तिथून निघू नये. पहिल्यांदा वेळ लागतो, त्याचा संकोच वाटू देऊ नये. नखे कापून जावे. डाव्या डोळ्याने दूरच्या पाटीवरची अक्षरे पापणी मिटल्यानंतर लगेच स्थिर दिसतात की क्षणभर धूसर होऊन मग स्पष्ट होतात, ते पाहावे. धूसर होत असतील तर लेन्स फिरते आहे आणि दुसऱ्या प्रकारची टोरिक लेन्स मागावी. पहिल्या दिवशी चार तास, मग रोज थोडे वाढवत आठ-दहा तासांपर्यंत जावे. बँकेत वातानुकूलन आणि संगणक असल्यामुळे पापण्या कमी मिटल्या जातात, म्हणून सराव घरापेक्षा कामाच्या ठिकाणी केलेला अधिक उपयोगी ठरेल. साधारण आठवड्याने फेरतपासणी असेल. त्या दिवशी लेन्स काढून जाऊ नये. सकाळीच घालून, तीन-चार तास वापरून, तशाच डोळ्यांनी डॉक्टरांसमोर बसावे, म्हणजे लेन्स नीट हलते का आणि बुबुळावर तिचा काय परिणाम होतो आहे, ते त्यांना पाहता येईल.